नाममुद्रेपासून नोंदणीपर्यंत : गाणे कोणाचे?



माझे आयुष्य मराठी कवितेच्या अध्यापनात गेले. कायदा हा माझा प्रांत नव्हे. तरीही आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी गीतांच्या आणि ध्वनिमुद्रणांच्या स्वामित्वहक्काचा विषय निवडला आहे. याचे कारण असे की 'हे गाणे कोणाचे?' हा प्रश्न न्यायालयात जाण्यापूर्वी कितीतरी शतके वाङ्मयात आणि संगीतात विचारला जात होता. कायद्याने त्याचे उत्तर उशिरा दिले, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

आपल्या संतांनी या प्रश्नाचे उत्तर नाममुद्रेने दिले. 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी', 'तुका म्हणे' या मुद्रा म्हणजे अभंगाच्या अखेरीस उमटवलेली सहीच होय. छापखाना नव्हता, वह्या थोड्या होत्या, गाणे मुखामुखी फिरत होते. अशा काळात कर्त्याचे नाव कृतीपासून सुटू नये म्हणून ते कृतीतच ओवले गेले. गाणारा कोणीही असो, शेवटच्या चरणात त्याला कर्त्याचे नाव घ्यावेच लागे. श्रेय देण्याची याहून सोपी आणि याहून टिकाऊ व्यवस्था मला तरी माहीत नाही.

परंतु या व्यवस्थेला दोन छिद्रे होती. मुद्रा पुसता येत असे आणि मुद्रा उसनीही घेता येत असे. सालोमालो नावाचा कोणी तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवीत असे, ही परंपरा आपणा सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूला नामदेवांच्या गाथ्यात विष्णुदास नामा या पुढच्या काळातील कवीच्या रचना मिसळून गेल्या आणि त्या वेगळ्या काढता काढता संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. पहिल्या प्रकारात कर्त्याचे नाव गेले, दुसऱ्यात एका कर्त्याचे ऐश्वर्य दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले. मुद्रा नाव सांगते. ते खरे असल्याची साक्ष देत नाही.

ख्यालगायनातही हीच रीत होती. अठराव्या शतकात महंमदशाह रंगीले याच्या दरबारातील नियामत खाँ यांनी 'सदारंग' या मुद्रेने बंदिशी बांधल्या आणि त्या आजही त्याच नावाने गाइल्या जातात. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ 'सुररंग' या मुद्रेने रचना करीत. घराण्यांपाशी आणखी एक उपाय होता, तो म्हणजे गुप्तता. चीज शिष्यालाही सहजासहजी मिळत नसे. लेकीच्या लग्नात चिजा आंदण दिल्याच्या कथा जुने गवय्ये सांगत. ज्याला कायद्याचे कुंपण नाही तो कडीकुलुपाचा आश्रय घेणारच. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून, त्यांचे स्वरलेखन करून त्या 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या तेव्हा हे कुलूप उघडले. त्यांचे उपकार मोठे आहेत. मात्र चीज पुस्तकात आली आणि ती जपणारा गवई बहुधा पुस्तकाबाहेर राहिला, ही हळहळही त्या काळापासून चालत आलेली आहे.

अशा स्थितीत यंत्र आले. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या तबकड्या दाबण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात. गाण्याच्या अखेरीस गौहरजान इंग्रजीतून आपले नाव उच्चारते. तेथील कारागिरांना तबकडी ओळखता यावी म्हणून तसे करीत, असे सांगतात. मला मात्र त्या उच्चारात जुनी नाममुद्राच ऐकू येते. फरक इतकाच की पूर्वी मुद्रा रचणाऱ्याची असे, आता ती गाणाऱ्याची झाली. आणि मालकी या दोघांचीही राहिली नाही. ब्रिटिश कायद्यावर बेतलेला 1914 चा स्वामित्वहक्काचा कायदा आला. त्यानुसार ज्याच्या मालकीचा मूळ साचा, तोच ध्वनिमुद्रणाचा कर्ता मानला गेला. म्हणजे कंठ गायिकेचा, चीज उस्तादाची, पण कायद्याच्या दृष्टीने कर्ता कंपनी!

एका गाण्यात किती जण दडलेले असतात, हे आपल्या रंगभूमीवरून चांगले कळते. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत मानापमान'ची पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी लिहिली, चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, भामिनीच्या भूमिकेत ती बालगंधर्वांनी गाइली आणि पुढे कंपन्यांनी ती तबकड्यांवर आणली. शब्द, चाल, गायन आणि ध्वनिमुद्रण अशा या चार वस्तू आहेत व त्यांचे चार धनी आहेत. रसिकाला गाणे एकच ऐकू येते, कायद्याला मात्र ते चार ठिकाणी पाहावे लागते. आपल्याकडे हे चारही धनी ओळखले जाण्यास दीर्घ काळ जावा लागला.

स्वतंत्र भारताचा कायदा 1957 चा. त्यात संगीतकृतीची जी व्याख्या केली होती ती आपल्या परंपरेला फारच अपुरी होती. छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने रेखाटलेली स्वररचना म्हणजे संगीतकृती, असा तिचा आशय होता. पाश्चात्त्य संगीतकार कागदावर रचना करतो, त्याला ही व्याख्या शोभली. आपला गुरू पेटीवर बोट ठेवून चाल बांधतो आणि शिष्याच्या गळ्यात उतरवतो. कागदाशी त्याचा संबंधच नसतो. अशा चालीला त्या व्याख्येत जागा नव्हती. येथून जवळच देवासला राहणाऱ्या कुमार गंधर्वांनी 1965 साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध करून आपल्या बंदिशी स्वरलेखनासह जगापुढे ठेवल्या, त्याला सांगीतिक मोल तर आहेच. पण त्या काळच्या कायद्यात लिखित रूपाला केवढे महत्त्व होते हे पाहता त्या ग्रंथाकडे वेगळ्या दृष्टीनेही पाहता येते. 1994 च्या दुरुस्तीने ही अट गेली. चाल लिहून ठेवलेली असो वा नसो, ती बांधणारा हा संगीतकारच होय, हे तेव्हा मान्य झाले.

गायकाची कथा याहून कष्टाची आहे. याच इंदुरात 1929 साली जन्मलेल्या लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकाला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफींचे मत असे की मेहनताना घेतला की गायकाचा संबंध संपला. या मतभेदातून दोघांचे एकत्र गाणेही काही काळ थांबले. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. पण कायदा मात्र कोणाच्याच बाजूने बोलत नव्हता. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करवून घेतले असेल तर, वेगळा करार नसल्यास, त्याचा पहिला मालक निर्माता होय. त्याच निर्णयाला जोडलेल्या स्वतंत्र टिपणीत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थान नसल्याकडे लक्ष वेधले आणि संसदेने याचा विचार करावा असे सुचवले. संसदेने तो विचार करायला सतरा वर्षे घेतली. 1994 च्या दुरुस्तीने कलावंताला सादरीकरणाचा स्वतंत्र हक्क मिळाला. 1999 मध्ये त्याची मुदत पंचवीस वर्षांवरून पन्नास वर्षांवर गेली. 2012 च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पडले. गीतकार आणि संगीतकार यांनी आपला हक्क दुसऱ्याला लिहून दिला तरी स्वामित्वधनातील त्यांचा समान वाटा कोणत्याही करारातून काढून घेता येत नाही, असे तिने ठरवले.

आता नोंदणीविषयी, कारण याबाबत पुष्कळ गैरसमज आहेत. स्वामित्वहक्क नोंदणीमुळे जन्माला येत नाही. कृती निर्माण झाली की हक्क निर्माण होतो. मुंबई उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये नोंदणी सक्तीची नसल्याचे स्पष्ट केले आहे. मग नोंदणी कशासाठी? साक्षीसाठी. नोंदवहीतील नोंद ही न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. सालोमालोपुढे तुकोबांपाशी जे नव्हते ते हेच. 2013 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कृतीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. दहा गाण्यांचा संच काढला म्हणून एका अर्जात सारे उरकत नाही. शब्द हे वाङ्मयकृती म्हणून, चाल ही संगीतकृती म्हणून आणि ध्वनिमुद्रण हे ध्वनिमुद्रण म्हणून नोंदवावे लागते. त्या नियमांत पहिल्या दोहोंसाठी पाचशे रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी दोन हजार रुपये शुल्क ठरले. अर्जानंतर हरकतीसाठी तीस दिवस थांबावे लागते. ज्यांचा त्या कृतीत हक्क आहे त्यांना अर्जाची सूचना द्यावी लागते, आणि त्यांची लेखी संमती जोडावी लागते.

हे सारे आज आपणापुढे मांडण्याचे कारण उघड आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे त्या गुरुजींनी या शाळेत गाणे शिकवता शिकवता कितीतरी कवितांना चाली लावल्या. त्यांतल्या निवडक चालींचा ध्वनिसंच काढण्याचा संकल्प माजी विद्यार्थ्यांनी केला आहे. या संकल्पाचे मी मनापासून स्वागत करतो आणि त्याबरोबरच चार प्रश्न ठेवतो.

पहिला शब्दांचा. गुरुजींना भा. रा. तांबे यांची कविता अतिशय प्रिय होती. ग्वाल्हेरचे हे राजकवी 1941 साली गेले. त्याच वर्षी रवींद्रनाथही गेले. रवींद्रनाथांच्या साहित्याचा हक्क संपत आला म्हणून सरकारने मुदत पन्नास वर्षांवरून साठ केली, आणि तो लाभ आपोआप तांब्यांच्या कवितेलाही मिळाला. 2001 अखेर ती मुदत संपली. तांबे आता सर्वांचे आहेत. पण कुसुमाग्रज 1999 साली गेले. त्यांची कविता घ्यायची तर 2059 अखेरपर्यंत परवानगी लागेल.

दुसरा चालींचा. चाली गुरुजींच्या, हे आपण सारे जाणतो. परंतु नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो, असे कायदा म्हणतो. गुरुजींनी त्या चाली कामाचा भाग म्हणून बांधल्या की स्वतःच्या आनंदासाठी, याचा काथ्याकूट उद्या कोणी करू नये. म्हणून शाळेने आजच लेखी कळवावे की या चालींवर तिचा कोणताही दावा नाही, आणि गुरुजींच्या वारसांची संमती घ्यावी.

तिसरा गाणाऱ्यांचा. कोरसमध्ये उभ्या राहणाऱ्या मुलींनाही सादरीकरणाचा हक्क आहे. त्यांच्याकडून, आणि त्या अज्ञान असतील तर पालकांकडून, संमती घेणे हा औपचारिकपणा समजू नये.

चौथा प्रश्न वेष्टनाचा. ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापावे, असा कायद्याचा दंडक 1984 पासून आहे. त्या यादीत गीतकार आणि संगीतकार नाहीत! माझ्या संग्रहात आपल्या भागातील भजनी मंडळांच्या काही जुन्या कॅसेटी आहेत. त्यांवर गाणाऱ्याचे नाव आहे, दुकानाचे नाव आहे, दूरध्वनी क्रमांकही आहे. चाल कोणाची हे कोठेही नाही. ज्यांना विचारता आले असते ती माणसे एकेक करून गेली, आणि त्या चाली आता 'पारंपरिक' ठरल्या आहेत. 'पारंपरिक' हा शब्द पुष्कळदा परंपरेचा गौरव करीत नाही. तो एका विसरलेल्या माणसावर घातलेले पांघरूण असतो. कर्तृत्वाचे श्रेय मागण्याचा हक्क कायद्याने कर्त्याला स्वतंत्रपणे दिला आहे. हक्क विकला तरी तो उरतो, आणि कर्त्यामागे त्याच्या वारसांना तो बजावता येतो. पण मागणारा कोणी नसेल तर तो हक्क मुकाच राहतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना याचे महत्त्व अधिक आहे. येथल्या गवयांची, कीर्तनकारांची, शाळामास्तरांची दखल घेणारे मोठे इतिहासग्रंथ थोडे. आपण लिहून ठेवले नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही. म्हणून माझी विनंती एवढीच की ध्वनिमुद्रणाच्या आधी एक वही करावी. प्रत्येक गीतापुढे कवी, चाल बांधणारा, गाणारे, साथ करणारे आणि साल यांची नोंद घ्यावी, जाणत्या माजी विद्यार्थ्यांच्या सह्या घ्याव्यात, चालींचे स्वरलेखन जोडावे, आणि मगच दिल्लीच्या स्वामित्वहक्क निबंधकाकडे अर्ज करावा. तेथील प्रमाणपत्र यायला वेळ लागेल. वहीला मात्र एक रविवार पुरेल, आणि गुरुजींपाशी शिकलेली पहिली तुकडी आज या सभागृहात बसली आहे.