साक्ष आणि पत्रं : पंडिता रमाबाई ख्रिस्ती नेमक्या कधी झाल्या?

संशोधनाला सुरुवात करताना आपल्याला पहिला धडा मिळतो तो 'मूळ साधनांकडे जा' हा. ठीक आहे, गेलो. पण एकाच व्यक्तीच्या हातची दोन मूळ साधनं एकाच घटनेबद्दल वेगवेगळं सांगू लागली, तर काय करायचं? आज अशाच एका पेचाबद्दल लिहिते आहे. प्रश्न वरवर अगदी साधा आहे : पंडिता रमाबाई ख्रिस्ती नेमक्या कधी झाल्या?

नोंदीपुरतं उत्तर एका ओळीचं आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ मध्ये रमाबाईंनी स्वतःच्या श्रद्धेची जी 'साक्ष' इंग्रजीत प्रसिद्ध केली, त्यात त्या वेगळंच सांगतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला साधारण आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास. आपल्या पापांची क्षमा झाली आहे, आपण तारले गेलो आहोत, याची आतून खात्री पटली ती तेव्हा.

मग १८८३ खरं की १८९१?

दोन शब्द आधी समजून घेऊ

मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात 'तारण' आणि 'तारणाची खात्री' हे दोन वेगळे शब्द आहेत. तारण म्हणजे पापातून सुटका. खात्री म्हणजे ती सुटका आपल्याला मिळाली आहे, हे ठामपणे कळणं. आता ही खात्री माणसाला या जन्मी मिळू शकते का, आणि कशाच्या आधारावर, यावर ख्रिस्ती पंथांचं एकमत नाही. आपल्या प्रश्नाची मेख इथेच आहे.

वाँटेजच्या भगिनीसंघावर ऑक्सफर्ड चळवळीची छाप होती. त्यांच्या लेखी तारणाचा रस्ता चर्चमधून जातो : बाप्तिस्मा, प्रभुभोजन, धर्मगुरूंचं मार्गदर्शन आणि आज्ञापालन. 'मला आतून खात्री वाटते' असं कुणी म्हटलं, की ते जरा सावधपणेच ऐकायचे. याउलट इव्हँजेलिकल लोकांसाठी ती आतली खात्रीच महत्त्वाची. बाप्तिस्मा झालेला, अगदी पाद्री असलेला माणूसही त्यांच्या दृष्टीने अजून 'बदललेला' नसू शकतो.

पहिलं साधन : पत्रं

वाँटेजला सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या आध्यात्मिक पालक होत्या. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील. या तिघींमधला पत्रव्यवहार जेराल्डिन यांनी जमवून ठेवला आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला.

ही पत्रं वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती ही, की बाप्तिस्मा होऊन दोन वर्षंही झाली नसताना या बाई हरेक गोष्टीवर वाद घालताहेत. त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये कुठे आहे? अथनेशियसचा मतांगीकार मी का मान्य करायचा? क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्येच का, संस्कृतमध्ये का नको? रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही याबद्दल हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा हे ठरवणारे ते कोण, असा त्यांचा सूर होता.

मे १८८५ मधल्या एका पत्रात मुद्दा उघडच येतो. रमाबाई लिहितात त्याचा मथितार्थ असा : मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्री किंवा बिशप बोलतील तो प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी नुकतंच मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, लगेच तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. देवाची आज्ञा मोडायची त्यांची तयारी नव्हती. प्रश्न होता तो देवाची इच्छा कोणाच्या तोंडून ऐकायची, चर्चच्या की स्वतःच्या सदसद्विवेकाच्या. जेराल्डिनना यात अहंकार दिसला. रमाबाईंच्या मते हाच प्रामाणिकपणा होता.

म्हणजे पत्रांमधला कळीचा शब्द 'आज्ञापालन' आहे. 'खात्री' नव्हे.

दुसरं साधन : साक्ष

१९०७ ची साक्ष केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघाली. तेव्हा रमाबाई पन्नाशीला टेकल्या होत्या. मागे १८९६-९७ चा दुष्काळ होता, त्यात गोळा करून आणलेल्या शेकडो मुली-बायकांचं मोठं काम उभं राहिलं होतं, आणि १९०५ मध्ये मुक्तीत झालेलं धार्मिक पुनरुज्जीवन ताजं होतं.

या साक्षीत १८९१ च्या बदलाचं श्रेय त्या एका पुस्तकालाही देतात : विल्यम हॅसलम यांचं 'फ्रॉम डेथ इंटू लाइफ'. आता हे हॅसलम कोण? कॉर्नवॉलमधले अँग्लिकन पाद्री. १८५१ मध्ये प्रवचन देता देता त्यांचं स्वतःचंच परिवर्तन झालं. म्हणजे माणूस आधीपासून पाद्री, पण 'खरा' ख्रिस्ती नंतर झालेला. त्याच्याही मागे जा. जॉन वेस्ली यांना पाद्रीपदाची दीक्षा १७२८ मध्ये मिळाली, आणि तारणाची खात्री २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये.

हा साचा लक्षात आला का? आधी बाहेरचा धर्म, मग अस्वस्थता, मग खात्री. इव्हँजेलिकल आत्मकथनाचा हा ठरलेला आराखडा आहे आणि रमाबाईंची साक्ष त्यात चपखल बसते.

मग साक्ष खोटी का?

नाही. नवा संशोधक नेमका इथेच घसरतो. 'साचा सापडला' म्हणजे 'अनुभव बनावट' असं होत नाही. माणूस स्वतःचा अनुभव त्याला मिळालेल्या भाषेतच सांगतो. वारकरी संतांच्या चरित्रांनाही साचा आहे, म्हणून त्यांची भक्ती खोटी ठरत नाही.

मी विज्ञान शाखेतून आले, त्यामुळे मला हा फरक प्रयोगशाळेच्या भाषेत लवकर कळतो. पत्रं म्हणजे लॅबची नोंदवही : त्या दिवशी जे दिसलं ते, खाडाखोडीसकट. साक्ष म्हणजे नंतर लिहिलेला शोधनिबंध : निष्कर्ष माहीत असल्यामुळे सगळा प्रवास सरळ रेषेत आलेला. दोन्ही प्रामाणिक असू शकतात. पण निबंध वाचून 'त्या दिवशी संशोधकाला काय वाटत होतं' हे ठरवता येत नाही.

नोंदवहीलाही मर्यादा आहेत, हे विसरू नका. पत्रं जमवली जेराल्डिन यांनी, म्हणजे या वादातल्याच एका पक्षाने. शिवाय साक्षसुद्धा १८८३ ला पोकळ म्हणत नाही. लंडनमधल्या फुलहॅम इथे भगिनीसंघाचं 'पतित' मानलेल्या स्त्रियांसाठीचं काम पाहून आणि येशू व शोमरोनी स्त्री यांची गोष्ट ऐकून आपण ओढल्या गेलो, हे रमाबाई तिथेच सांगतात.

दोन्ही साधनं एकत्र ठेवली की

काही चरित्रकार साक्षीवर विसंबतात. त्यांच्या लेखनात १८८५ च्या वाद घालणाऱ्या रमाबाई 'अजून अपुऱ्या' ठरतात. काही आधुनिक वाचकांना बरोबर त्याच रमाबाई आवडतात, आणि त्यांच्यासाठी १८९१ ही माघार ठरते. माझं मत असं की दोघांच्याही नजरेतून एक समान धागा सुटतो. १८८५ मध्ये रमाबाई म्हणतात, माझ्या आणि देवाच्या मध्ये पुरोहित नको. १८९१ ची खात्रीही तेच म्हणते : तारण देवाकडून थेट मिळालं, कुणाच्या हातून नाही. पत्रांमध्ये जो हक्क म्हणून मागितला होता, तो साक्षीत अनुभव म्हणून येतो.

याचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथे धर्माबाबत तटस्थ राहायचं ठरलं होतं. पण रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करत, आणि मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, 'केसरी'ची टीका होतीच. वचन मोडलं की सदसद्विवेक पाळला? इथे दोन्ही बाजूंना खरं काही आहे, आणि संशोधकाने ते पुसू नये.

शेवटी त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये छापून आलं. मुक्तीतल्या साध्या बाईला मध्यस्थाशिवाय वाचता यावं, हा त्यामागचा आग्रह मला १८८५ च्या पत्रांचंच पुढचं पान वाटतो.

तेव्हा तुमच्या विषयात एखादं आत्मकथन हाती आलं, तर 'हे खरं का खोटं' असं विचारू नका. ते कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, लिहिताना शेवट माहीत होता का, आणि त्याच काळातलं दुसरं काही शिल्लक आहे का, हे विचारा. आणि रमाबाई ख्रिस्ती कधी झाल्या? १८८३ मध्ये झाल्या, १८९१ मध्येही झाल्या. तुमच्या प्रबंधात दोन्ही तारखा राहू द्या.