पाण्यातला कोन

पॅरिस, 24 जून 1783. भर उन्हाळ्यात सूर्य फिकट तांबूस दिसतोय. या महिन्याच्या सुरुवातीला आइसलँडमध्ये लाकी ज्वालामुखी फुटला आणि त्याचं कोरडं धुकं युरोपवर पसरलं. रस्त्यावरच्या माणसांना त्याचं कारण ठाऊक नाही, तुम्हाला आहे. शस्त्रागाराच्या इमारतीतले जिने चढून तुम्ही अँत्वान लव्हाझिएच्या प्रयोगशाळेत येता. बंदुकीच्या दारूच्या सरकारी कारभारावर देखरेख करणारा हा अधिकारी, त्यामुळे राहायला आणि प्रयोगाला त्याला इथेच जागा मिळाली आहे.

टेबलावर पाऱ्याने भरलेलं भांडं आहे आणि पाऱ्यावर उपडी घातलेली काचेची हंडी. तिच्यात दोन वायू सोडलेत. एक प्राणवायू, दुसरी ‘ज्वलनशील हवा’. हायड्रोजन हे नाव छापून यायला अजून चार वर्षं आहेत. शेजारी गणितज्ञ लाप्लास उभा आहे. लंडनहून आलेल्या चार्ल्स ब्लॅगडेनने मंडळींना सांगून टाकलंय, की हेन्री कॅव्हेंडिशने तिकडे हे आधीच करून पाहिलं आहे.

ज्योत पेटते. तुम्ही काचेजवळ डोळे नेता. आतल्या बाजूने काच आधी धुरकटते, मग त्या धुरकटपणात बारीक टिपके दिसू लागतात. दोन टिपके जवळ आले की एकमेकांना ओढून घेतात, त्यांचा थेंब होतो, थेंब जड होऊन काचेवरून ओघळतो आणि खाली पाऱ्यावर तरंगत राहतो. जमलेलं पाणी नरसाळ्याने वेगळं केलं जातं. भरतं ते जेमतेम 19 ग्रॅम. लिटमसच्या अर्काचा रंग त्याने पालटत नाही, चुन्याच्या निवळीत साका धरत नाही. शुद्ध पाणी.

इतकं साधं दृश्य, पण दोन हजारांहून अधिक वर्षं युरोपने पाण्याला मूलतत्त्व मानलं होतं. आपणही पंचमहाभूतांत ‘आप’ धरलंच होतं. दोन वायूंपासून डोळ्यांदेखत पाणी होताना पाहिल्यावर तो समज टिकणं शक्य नव्हतं. वायूंची मोजदाद त्या दिवशी काटेकोर झाली नव्हती, तरी लव्हाझिएने दुसऱ्याच दिवशी अकादमीपुढे निष्कर्ष मांडला. कॅव्हेंडिशने 1781 मध्येच शांतपणे 135 ग्रेन पाणी जमवून, ते आटवून, मागे गाळ राहत नाही हेही तपासलं होतं. पण जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं तत्त्व बाहेर पडतं, या जुन्या कल्पनेतून तो बाहेर पडला नाही. माझ्या मते प्रयोगाचं श्रेय कॅव्हेंडिशचं आणि अर्थ लावण्याचं लव्हाझिएचं. त्याच लव्हाझिएला 1794 साली गिलोटिनवर जावं लागलं, हे वाचताना आजही पोटात तुटतं.

पाणी कशाचं बनलंय ते कळलं. पण ते असं का वागतं, हे त्यावरून कळत नाही. पाण्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा हायड्रोजन सल्फाइड घ्या. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, तरी तो उणे 60 अंशांलाच उकळतो. त्या हिशेबाने तुमच्या तांब्यातलं पाणी केव्हाच वाफ होऊन उडून जायला हवं होतं. ते 100 अंशांपर्यंत दम धरतं. का?

त्यासाठी दीडशे वर्षं पुढे या. मॉस्कोचा विमानतळ, 1932. धुकं इतकं दाट, की विमान उडणार नाही. केंब्रिजचे दोन शास्त्रज्ञ अडकून पडलेत. एक्स-किरणांनी स्फटिकांची रचना शोधणारा तिशीतला बर्नाल, आणि राल्फ फाउलर. हा फाउलर म्हणजे आपल्या खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांचा केंब्रिजमधला मार्गदर्शक. बाहेर हवेत पाण्याचेच कण लोंबकळतायत आणि आत गप्पांचा विषयही पाणीच. त्या गप्पांतून पुढच्या वर्षी निघालेला त्यांचा शोधनिबंध पाण्याच्या अभ्यासात पायाभूत ठरला.

त्यांच्या शेजारी बसा आणि ऐका. पाण्याचा रेणू सरळ नाही, वाकडा आहे. मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन, आणि त्यांच्यातला कोन सुमारे 104.5 अंशांचा. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, म्हणून त्याची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना रद्द करून गेली असती. कार्बन डायऑक्साइडमध्ये तसंच होतं. पाणी वाकडं आहे म्हणून त्याला दोन टोकं आहेत, आणि टोकं आहेत म्हणून प्रत्येक रेणू शेजारच्या चारांना धरू पाहतो. ही पकड, म्हणजे हायड्रोजन बंध, अगदी कच्ची. द्रव पाण्यात ती सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपासच टिकते आणि लगेच दुसरीकडे जुळते. पण तुटणाऱ्या प्रत्येक बंधाची जागा दुसरा घेतो, म्हणून पाणी तापवायला आणि उकळायला एवढी उष्णता लागते. मे महिन्यात नागपुरात पारा 45 कडे सरकतो तेव्हा रत्नागिरीत तो सहसा 35 च्या आत राहतो. रत्नागिरीच्या दाराशी समुद्र आहे.

आता एक लांबची उडी. सुमारे 70 कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वी विषुववृत्तापर्यंत गोठली आहे. प्राणी बहुधा अजून जन्मालाच आलेले नाहीत. तुम्ही समुद्रात आहात आणि डोक्यावर शेकडो मीटर जाडीचा बर्फ. काळोख आहे. पाणी शून्याच्याही खाली, उणे दोनच्या आसपास, पण मिठामुळे द्रव.

वर हात लावून बघा. तो छतासारखा बर्फ तरंगतोय, आणि ही गोष्ट जगावेगळी आहे. बहुतेक पदार्थ गोठले की आक्रसतात आणि आपल्याच द्रवात बुडतात. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. लेझीम पथक मैदानात घोळक्याने उभं असतं तोवर थोड्या जागेत मावतं. रांगा लावून हात फैलावले की जागा जास्त लागते. तसंच बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या कोनात धरून ठेवतो आणि मधे पोकळ्या राहतात. हलका झालेला बर्फ वर येतो आणि खालच्या पाण्यावर पांघरूण घालतो. तो बुडाला असता तर समुद्र तळापासून गोठत वर आला असता.

जवळून सरकणारी एक पेशी बघा, शेवाळ्याच्या घराण्यातली. तिच्याभोवतीचं पटल मेदाच्या रेणूंचं आहे. त्यांच्या डोक्याकडच्या बाजूचं पाण्याशी जमतं, शेपटीकडच्या बाजूचं वाकडं. पाण्याचे रेणू एकमेकांना धरण्याच्या ओढीने मेदाच्या शेपट्यांना बाजूला सारतात. त्या शेपट्या आत दडतात, डोकी बाहेर राहतात आणि पडदा आपोआप उभा राहतो. बांधणारा कुणी लागत नाही. त्या पडद्याच्या आत क्षार विरघळलेले, प्रथिनं घडी घालून बसलेली, सगळं पाण्याच्याच भरवशावर. हा गोठलेला काळ कोट्यवधी वर्षं चालला. त्यातून जे तगले, त्यांच्याच वंशातले आपण.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना आणि सरांना म्हणून एक विनंती. फळ्यावर ‘एच-टू-ओ’ लिहून पुढच्या धड्याकडे वळू नका. सूत्राशेजारी तो वाकडा रेणू काढा, कोनाचा आकडा लिहा, आणि मुलांना विचारा, हा सरळ असता तर काय झालं असतं? उत्तर शोधायला त्यांना एक अख्खा तास द्या.