तळटीप ३१ : ‘इतवारीचे माग’

३१. इतवारी ही नागपुरातील जुनी व्यापारी पेठ. इतवारच्या, म्हणजे रविवारच्या बाजारावरून हे नाव पडले. या भागातील कोष्टी विणकर रेशीमकाठी धोतरे व नऊवारी लुगडी विणत. घरातच खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा, असा हा माग. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि या कापडाचा दरबारी आश्रय गेला. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. तिच्यातून वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंदराकडे निघाला आणि विलायती सूत व कापड इकडे आले. हातसुताची कताई बुडत गेली. माग मात्र गिरणीच्या सुतावर तगले. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरातच सुरू झाली. मूळ मजकुराच्या पुढील वाक्यातील ‘निःसारण’ ही संज्ञा दादाभाई नौरोजींच्या विचारातली आहे : भारताच्या संपत्तीचा मोठा वाटा मोबदल्याविना इंग्लंडला जातो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले, त्यांचा ग्रंथ १९०१ चा. गरीब देशांचे दारिद्र्य हे श्रीमंत देशांशी आलेल्या विषम संबंधांतून घडते, असे आंद्रे गुंडर फ्रँक आदी अभ्यासकांनी १९६० नंतर मांडले. लेखक ‘मागासलेपण’ हा शब्द याच अर्थाने वापरतो. तो विणकरांच्या कसबाला लावू नये.