विहिरीतले स्फटिक

ग्रॅनाइटच्या मुलखात खनिजांचे शौकीन जुन्या खाणींचे ढिगारे चाळीत बसतात. श्रोतेहो, आपल्या जुन्नर-आंबेगावात ग्रॅनाइटही नाही आणि तशा खाणीही नाहीत. आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. त्यात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, आणि पुढे झिरपलेल्या पाण्याने त्यांत स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट यांसारखे स्फटिक जमविले. ते उजेडात आणण्याचे काम येथे विहिरींनी केले. सुरुंग उडाला की चकचकीत खडे दगडांबरोबर काठावर येऊन पडत. पण खणणाऱ्याचे लक्ष पाण्याकडे, आणि ते रास्तच होते!

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. तेथील खोदाईतले स्फटिक युरोपातील संग्रहालयांत गेले. मात्र त्या काळच्या आपल्याकडील नमुन्यांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा नुसते ‘पूना’ एवढेच असे. गाव कोणते, खोली किती, याचा पत्ता नाही. असा खडा कपाटात शोभतो, अभ्यासाला मात्र निम्मा मुका.

उलट वाघोलीचे पाहा. कॅव्हन्साइट हे निळे खनिज १९७३ साली अमेरिकेतील ऑरेगनच्या नमुन्यांवरून वर्णिले गेले. त्याचे सर्वांत देखणे नमुने पुढे वाघोलीच्या दगडखाणींत निघाले. चिठ्ठीवर गावाचे नाव राहिले, म्हणून जगभरचे संग्राहक आज वाघोली ओळखतात. शिवनेरीच्या परिसरात विहिरीकाठचा खडा कोणी घरी नेलाच, तर सोबतच्या चिठोऱ्यावर गाव, विहीर आणि किती पुरुष खोल, एवढे लिहावे.