प्रवाह वाढला की चिकटणारा रेणू

नळाची धार मोठी केली की ताटाला चिकटलेले खरकटे सुटते. प्रवाह जोराचा असेल तर पृष्ठभागावरची वस्तू वाहून जाते, हा आपला रोजचा अनुभव. मग बारीक धमनीला जखम झाली, तर तिथल्या वेगवान रक्तात जखम बुजवणारा पदार्थ टिकतो कसा? या प्रश्नाचे उत्तर मिळायला सुमारे ८० वर्षे लागली.

सुरुवात झाली ती फिनलंडच्या ऑलंड बेटांवरील एका कुटुंबापासून. या कुटुंबातील पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली हेलसिंकीचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी तपासली. साध्या जखमेतूनही तिचे रक्त थांबत नसे. डॉक्टरांनी तिच्या ६६ नातलगांची माहिती जमवली. त्यांपैकी २३ जणांना हा त्रास होता, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. हिमोफिलिया प्रामुख्याने पुरुषांना होतो. म्हणजे हा रोग वेगळा होता. रक्तबिंबिकांची (प्लेटलेट्सची) संख्याही नेहमीइतकीच होती. १९२६ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोष रक्तबिंबिकांच्या कार्यात किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असावा, असा त्यांचा अंदाज होता. ती मुलगी मात्र वयाच्या तेराव्या वर्षी मासिक पाळीतील रक्तस्रावाने दगावली.

१९५७ साली स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णाला निरोगी रक्तद्रवातून वेगळा काढलेला एक अंश टोचला, आणि रक्तस्राव लवकर थांबू लागला. म्हणजे उणीव रक्तबिंबिकांत नसून रक्तद्रवात होती. पुढे तो पदार्थ सापडला. ते एक प्रथिन होते. आज त्याला ‘फॉन विलेब्रांड घटक’ म्हणतात. त्याचे एकसारखे घटक एकापुढे एक जोडले जाऊन लांब साखळी, म्हणजे बहुवारिक किंवा पॉलिमर, तयार होते. सर्वांत मोठ्या साखळ्यांचा रेणुभार दोन कोटी डाल्टनपर्यंत जातो.

एरवी ही साखळी गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी असते व तिच्या चिकटण्याच्या जागा आत झाकलेल्या असतात. आता रक्तवाहिनीची भिंत डोळ्यांपुढे आणा. भिंतीलगत रक्ताचा वेग शून्य असतो आणि भिंतीपासून दूर जावे तसा तो वाढतो. त्यामुळे गुंडाळीची एक बाजू पुढे ओढली जाते, दुसरी मागे राहते. कणकेची गोळी पोळपाटावर तळहाताने हलकेच फिरवली तर ती नुसती गडगडते. दाबून फिरवली तर तिची लांब वळी होते. इथे दाबाचे काम वेगातील फरक करतो.

जर्मनीतील श्नायडर, नेत्झ, विक्सफोर्ट आदी संशोधकांनी २००७ साली हे प्रत्यक्ष दाखवले. भिंतीपासून एक मायक्रोमीटर अंतरावर वेग सेकंदाला सुमारे पाच मिलिमीटरने वाढू लागला, की गुंडाळी एकाएकी उलगडते. नेमक्या त्याच वेगाला ती कोलॅजनला भराभर चिकटू लागते. जखमेत उघडे पडते ते हेच कोलॅजन. या उलगडलेल्या धाग्यांवर वाहत्या रक्तबिंबिका अडकतात. प्रवाह मंदावला की मोकळ्या साखळ्या पुन्हा गुंडाळल्या जातात. म्हणून एरवी रक्तात विनाकारण गुठळ्या होत नाहीत.

साखळी जितकी लांब, तितकी तिच्यावरची ओढ अधिक. त्यामुळे आखूड साखळ्या सहज उलगडत नाहीत. काही रुग्णांत लांब साखळ्याच नसतात, आणि प्रथिन पुरेसे असूनही रक्त थांबत नाही.

याचा एक पुरावा जुनाच होता. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या काही रुग्णांच्या आतड्यांतून रक्तस्राव होतो, असे अमेरिकेतील डॉक्टर एडवर्ड हाइड यांनी १९५८ साली नोंदवले होते. हृदयाचा आतड्यांशी काय संबंध? अरुंद झडपेतून रक्त फार जोराने जाते, साखळ्या उलगडतात आणि उलगडलेली साखळी रक्तातील एक विकर कापून टाकते. २००३ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले, की झडप बदलल्यावर लांब साखळ्या रक्तात परत दिसू लागतात.

वर्गात रक्त गोठण्याचा पाठ घेताना आपण बहुधा रसायनेच सांगतो. पुढच्या वेळी एक प्रश्न जरूर विचारावा: रक्त स्थिर असते, तर हा रेणू चिकटला असता का?