पावलांचा हिशेब

बचत गटाच्या बैठकीत आपण रुपयाचा हिशेब मांडतो. आज पावलाचा मांडू या. माणूस चालतो कसा, धावतो कसा, त्याची ताकद कुठे कामी येते आणि कुठे वाया जाते, हे मोजायचं एक शास्त्र आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूंना आज त्याचा मोठा उपयोग होतो. ते धावत असताना कॅमेरे लावतात, जमिनीत दाब मोजणारी पाटी बसवतात. पाय कुठे पडला, गुडघा किती वाकला, सगळं मोजतात. हे शास्त्र आलं कुठून आणि त्यात आपण बायका कुठे होतो, ते आज सांगतो.

सुरुवात घोड्यापासून झाली. जुने चित्रकार धावणारा घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवायचे. बघणाऱ्यालाही तसंच वाटायचं. १८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने १२ कॅमेरे लावले आणि धावत्या घोड्याचे एकामागून एक फोटो घेतले. तेव्हा दिसलं की धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय हवेत असतात, पण त्या वेळी ते ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. घोडे तर सगळ्यांनी जन्मभर पाहिले होते. तरी नजर फसली होती.

मग माणसाची पाळी आली. फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने बुटाच्या तळात हवेची पिशवी बसवली. पाय टेकला की हवा दाबली जायची, ती नळीतून जायची आणि यंत्रावर रेघ उमटायची. १८८२ साली त्याने पॅरिसमध्ये चाल तपासायचं केंद्रच सुरू केलं. तिथे माणसाला काळे कपडे घालायचे, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावायच्या आणि काळ्या पडद्यापुढून चालवायचं. फोटोत फक्त पट्ट्या उठायच्या आणि प्रत्येक पाऊल कसं पडलं ते कळायचं. १८९१ साली जर्मनीत ब्राउने आणि फिशर यांनी एका माणसाच्या अंगावर प्रकाशाच्या नळ्या बांधून त्याची चाल टिपली. नुसत्या तयारीला कित्येक तास लागले. पुढची आकडेमोड हाताने करण्यात वर्षं गेली.

एवढा खटाटोप कशासाठी? त्यात मोठा वाटा फौजेच्या गरजेचा होता. पाठीवर ओझं घेऊन शिपाई कसा चालतो आणि कशाने कमी दमेल, हे हवं होतं. पाण्याचा हंडा नेणारी बाई किती दमते, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नाही.

बायकांबद्दल मात्र मोजमाप न करताच निकाल लागत होते. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या. जर्मनीची लीना राडके पहिली आली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापलं की बायका धापा टाकत कोसळल्या, हे अंतर त्यांना झेपणारं नाही. खरं तर नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली होती. दमल्या असतील, पण शर्यत संपल्यावर पुरुषही जमिनीवर आडवे होतात. तरी ही शर्यत काढून टाकली, आणि ऑलिंपिकमध्ये ती परत यायला १९६० साल उजाडलं.

पुढे अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्येही तेच. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटरच्या वर धावणं. १९६६ साली बॉबी गिब हिला प्रवेश नाकारला, तर ती नंबराशिवाय धावली आणि पोहोचली. १९६७ साली कॅथरीन स्विट्झर २६१ नंबर लावून धावत होती, तेव्हा एका अधिकाऱ्याने धावत येऊन तिचा नंबर ओढायचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत पहिली आली.

त्यानंतर दोनच वर्षांनी एक नवल घडलं. आफ्रिकेत केनिया देशात लुओ आणि किकुयू समाजाच्या बायका ओझं वाहतात. लुओ बायका डोक्यावर नेतात, किकुयू बायका कपाळाला पट्टा लावून पाठीवर. शास्त्रज्ञांनी त्यांचा श्वास मोजला. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं, म्हणजे ५० किलोची बाई असेल तर १० किलोचं ओझं नेताना त्यांना रिकामं चालण्यापेक्षा जास्त ताकद लागतच नव्हती! हे १९८६ साली छापून आलं. १९९५ साली कारण कळलं. चालताना आपलं अंग पावलागणिक थोडं वर चढतं, थोडं खाली येतं. चढ चढलेली सायकल उतारावर पायडल न मारता पळते, तसं खाली येणारं अंग पुढच्या पावलाला रेटा देतं. या बायका ओझं घेतल्यावर तो रेटा आणखी कमी वाया घालवत होत्या. शाळेत न शिकवलेली ही विद्या होती.

पण सख्यांनो, इथे सावध राहायला हवं. पूर्वी म्हणायचे, 'बायकांना झेपणार नाही.' आता ग्रामसभेत नळाचा विषय काढला की कुणीतरी म्हणतं, 'बायकांना सवय असते.' दोन्ही वाक्यं न मोजताच बोललेली आहेत. केनियातला हिशेब दहा किलोचा आहे. पंधरा लिटर पाणी भरलं की हंड्यासकट वजन त्याच्या कितीतरी वर जातं, आणि तिथून पुढे त्यांनाही जास्त ताकद लागतच होती. शिवाय श्वास मोजला म्हणजे मानेचं दुखणं मोजलं असं होत नाही. कौतुक घ्यावं, पण नळाची मागणी सोडू नये.

आता आपल्या पोरींकडे वळू. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. १९२८ साली बायकांना झेपत नाही म्हणून बंद केलेलं हेच ते अंतर. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि जगात दहावी आली.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना कुणी सांगतं, 'लांब टांग टाक.' त्यावरही मोजमाप झालेलं आहे. १९८२ साली अमेरिकेत असं दिसलं की सरावलेला धावपटू आपसूक जेवढं पाऊल टाकतो, तेवढ्यातच साधारण कमीत कमी प्राणवायू लागतो. मुद्दाम लांब किंवा आखूड टाकलं की खर्च वाढतो. पाय अंगाच्या फार पुढे पडला तर तो ब्रेकसारखा अडवतो.

म्हणून एक करा. पोर धावत असताना बाजूला उभं राहून मोबाइलवर तिचा संथ गतीचा व्हिडिओ घ्या. पाय कुठे पडतो, दोन्ही पाय सारखे पडतात का, ते तिच्यासोबत बसून बघा. तारीख आणि वेळ वहीत लिहा. गटाची वही आपण दहा वर्षं चोख ठेवली आहे, ही वहीही जमेल. गुडघा किंवा पोटरी सारखी दुखत असेल तर मात्र व्हिडिओवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या वेळी कुणी 'झेपणार नाही' म्हणालं किंवा 'सवय आहे' म्हणालं, तर एवढंच विचारा: मोजलं का?