जरीपटका व संगणकांतील जुने कागद

जरीपटका म्हणजे मराठी राज्याचें जरीचें निशाण. नागपुराच्या उत्तर भागांत याच नांवाची वस्ती असून, इ. स. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं पुष्कळ कुटुंबें तेथें स्थायिक झालीं. सिंधी भाषा भारतांत अरबी वळणाच्या लिपींत व देवनागरींतहि लिहितात. देवनागरी सिंधींत ग, ज, ड, ब या अक्षरांखालीं रेघ देऊन चार निराळे वर्ण दाखवितात. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतांत या चार वर्णांना स्वतंत्र स्थान मिळालें तें इ. स. २००६ मध्यें. तत्पूर्वीं संगणकावर जुळविलेला असा मजकूर आज अस्सलाबरहुकूम कसा वाचावा, हा प्रश्न सिंधीपुरता नाहीं. तत्कालीन मराठी मजकुरासहि तो लागू आहे.

या मजकुराचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत अक्षरें साठविलेलीं असतात. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालेलें व इ. स. १९८८ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलेलें 'जिस्ट' तंत्र या वर्गाचें. जिस्ट कार्ड संगणकाच्या आंत बसवीत. आज्ञावली अक्षरांचे केवळ अंक पाठवी. जोडाक्षरें जुळवून पडद्यावर काढणें हें काम कार्डाचें. हे अंक 'इस्की' संकेतानें ठरत, तो इ. स. १९९१ मध्यें भारतीय मानक झाला. दुसऱ्या वर्गांत अक्षरें नसून टंकाचे आकार साठविलेले असतात, आणि कोणत्या अंकास कोणता आकार हें प्रत्येक टंककर्ता आपल्या सोयीनें ठरवी. वर सांगितलेले चार सिंधी वर्ण त्या काळीं अशा खासगी आकारांच्या आश्रयानेंहि राहूं शकत.

असे कागद मूळ स्वरूपांत पाहण्याचें आजचें साधन म्हणजे एम्युलेटर, अर्थात् नव्या यंत्रांत जुन्या यंत्राचें सोंग हुबेहूब वठविणारी आज्ञावली. इ. स. २००२ मध्यें प्रसिद्ध झालेली 'डॉसबॉक्स' ही त्यांपैकीं सुपरिचित होय. तिच्यांत जुनी लेखन-आज्ञावली सुरू होते, फाईलहि उघडते; परंतु देवनागरी दिसत नाहीं. कारण डॉसबॉक्स सोंग घेते तें सर्वसामान्य संगणकाचें. जिस्ट कार्डाचें नव्हे. १९९१ च्या इस्कींत 'क' चा अंक १७९ आहे. सामान्य संगणकाच्या वर्णमालेंत त्याच अंकास उभी रेघ आहे. 'क' पासून 'ह' पर्यंतचीं सर्व व्यंजनें अशींच चौकटीच्या रेघांत दडतात. हा पडदा पाहून फाईल बिघडली असें समजून ती टाकून देणें म्हणजे मोडी येत नाहीं म्हणून रुमाल पाण्यांत सोडण्यासारखें आहे. अंक शाबूत असतात; इस्कीवरून युनिकोडांत लिप्यंतर करणेंहि अवघड नाहीं.

दुसऱ्या वर्गाची स्थिति अधिक नाजूक आहे. तेथें मूळ टंक हीच किल्ली. टंक हरवला कीं मजकुरास अर्थ राहत नाहीं. शिवाय कित्येक लिपि-आज्ञावली डोंगल जोडल्यावांचून चालत नसत. एम्युलेटर मिळाला तरी तें अडथळा करतें. सिंधी मजकुरांत आणखी एक धोका संभवतो. रूपांतर करणाऱ्यानें रेघेचा 'ब' व साधा 'ब' एकाच अंकावर घातले, तर दोन शब्दांचा भेद पुसला जाईल, व नकलेवरून तो पुनः उभा करतां येणार नाहीं.

म्हणून नियम जुनाच लावावा: बाळबोध नक्कल झाली म्हणून मोडी अस्सल कोणी फाडीत नाहीं. फ्लॉपीची अंकशः प्रत प्रथम घ्यावी व तिच्यांत कांहींहि बदल करूं नये. तिच्यासोबत आज्ञावली, टंक, कार्ड व डोंगल यांपैकीं जें उपलब्ध असेल तें जतन करावें. त्याच मजकुराचें छापील पान मिळाल्यास तें अवश्य ठेवावें, कारण अंकाचा आकाराशीं मेळ घालण्यास तेंच खात्रीचें प्रमाण. युनिकोड प्रतीवर 'नक्कल' असें स्पष्ट लिहून ती कोणत्या साधनानें केली हेंहि नोंदवावें. दप्तरें बहुधा शेवटचा वाचणारा गेल्यावर मुकीं होतात. या दप्तरांचा वाचणारा एक यंत्र आहे, एवढाच फरक. तेव्हां कागदाइतकाच वाचणाराहि संग्राह्य मानला पाहिजे.